छत बघून नाही, रात्र मोजून सोलर बसवा



कांद्याच्या रोपाची नोंद टाकायची राहिली आहे, ती पुढच्या खेपेला. आज वेगळा विषय घेतो, कारण गेल्या महिन्याभरात चार-पाच जणांनी बांधावर उभं राहून एकच प्रश्न विचारला. "अण्णा, घरावर किती किलोवॅटचं सोलर टाकू?" मी प्रत्येकाला उलटं विचारलं, तुझ्या वस्तीवर रात्रीची लाईट किती तास जाते? एकालाही सांगता आलं नाही. "जाते की, लई जाते." लई म्हंजे किती? दोन तास का आठ तास? आणि गेल्यावर घरातलं नेमकं काय चालू राहिलं पाहिजे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वस्तीवर राहणाऱ्या माणसाने सोलरचा हिशोब छतापासून सुरू करू नये, अनुदानापासून तर अजिबात करू नये. रात्रीपासून करावा. आधी रात्र, मग बॅटरी, मग पॅनल, आणि सगळ्यात शेवटी दुकानदार. आपल्याकडे बरोबर उलटं चाललंय. आधी दुकानदार येतो, तो छत बघतो, तीन किलोवॅट म्हणतो, आणि आपण अंगठा दाखवतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मी स्वतः दोनदा आपटलोय.

आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर, पारनेर-शिरूरच्या शिवेला. चहूबाजूंनी ऊस. बिबट्याचं तर तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी सातनंतर गोठ्यात जायचं तर हातात काठी, बॅटरी आणि बरोबर दुसरं माणूस. अंगणातला दिवा ही आमच्याकडे हौस नाही. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, ते चक्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. घराची सिंगल फेज तशी असते, पण वळवाचं वारं सुटलं, उसात तार तुटली किंवा डीपीचा फ्यूज उडाला की गेलीच. वायरमन एकटा, त्याच्याकडे गावं किती. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

पहिल्यांदा आपटलो ते २०२० साली. तालुक्याच्या एका दुकानातून दोन किलोव्हीएचा इन्व्हर्टर, १५० च्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि तीन पॅनल असा "पॅकेज" आणला. दुकानदार म्हणाला, "काका, अख्खं घर चालतंय." चाललं की! दीड वर्ष झकास चाललं. मालकिणीने त्याच्यावर घरची पिठाची गिरणीसुद्धा चालवली. मग हळूहळू चार तासाची बॅटरी दोन तासावर आली, दोनची एकावर. डिस्टिल्ड पाणी घालायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, तोही आमचाच गुन्हा.

दुसरा धडा जड गेला. आईला फुफ्फुसाचा त्रास आहे, सारी हयात चुलीपुढे गेली तिची. २०२३ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. पाच लिटरवालं, हवेतून ऑक्सिजन काढून देतं, सिलिंडर लागत नाही, पण लाईट लागते. पुढच्या मे महिन्यात एका रात्री वळीव आला, पावणेदोनला लाईट गेली. इन्व्हर्टरने चाळीस मिनिटांत शिट्टी मारली. मशीन बंद. आई उठून बसली, बोलता येईना. पोरगं मोटरसायकलवर तालुक्याला सिलिंडर आणायला गेलं, आणि मी आईच्या पाठीवर हात फिरवत रस्त्याकडे बघत बसलो. बाहेर ऊस सळसळत होता, आणि पोरगं त्याच्यातूनच गेलंय हे डोक्यातून जाईना. साडेचारला ते परत आलं. आई वाचली. त्या दिवशी सकाळी चहा पिताना ठरवलं की आता हे गणित आपण स्वतः शिकायचं. दहावीपर्यंतचा गुणाकार-भागाकार त्याला पुरतो, घाबरू नका.

आता गणिताकडे येऊ. शेततळं खोदताना आपण काय करतो? किती एकराला, कोणत्या पिकाला, किती दिवस पाणी पुरवायचंय ते आधी बघतो. मग तळ्याचं माप. मग ते भरायला आवक कुठून आणि किती. सोलरमध्ये बॅटरी म्हंजे तळं, पॅनल म्हंजे आवक आणि घरातली उपकरणं म्हंजे पीक. बाष्पीभवनसुद्धा आहे, ते पुढे सांगतो. पीक न विचारता तळं खोदणारा माणूस मी तरी पाहिला नाही, मग बॅटरी का आणता तशी?

मी दोन महिने वहीत लिहिलं. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, बस. मे आणि जून, म्हंजे वर्षातला सगळ्यात वाईट काळ. बहुतेक रात्री काही नाही. गेली तर दोन ते चार तास. पण दोन रात्री अशा निघाल्या की नऊ तासांच्या वर गेली. ही दोन रात्रींची नोंद सगळ्यात महत्त्वाची. सरासरी काढून चालत नाही, आई सरासरीवर श्वास घेत नाही.

मग रात्रीचं पीक मोजलं. मशीनच्या मागच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात, तरी पोराने प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणलं, ते जास्त खरं सांगतं. ऑक्सिजन मशीन ३२० वॅट, नऊ तास, म्हंजे २.९ युनिट. दोन पंखे. आधी साधे होते, ७५ वॅटचे. ते काढून बीएलडीसी घेतले, ३० वॅटचे. दोन्ही मिळून नऊ तासाला अर्धा युनिट. जुने पंखे ठेवले असते तर १.३५ लागले असते. घरातले दिवे ०.२, अंगण आणि गोठ्याचा दिवा रात्रभर ०.५, कॅमेरे, राउटर, मोबाईल मिळून ०.३, फ्रिजचा रात्रीचा वाटा ०.४. बेरीज ४.८ युनिट. बॅटरीतली वीज घरात येईपर्यंत दहा टक्के तरी वाटेत जाते, म्हणून ५.४ धरा.

आणि आता ते बाष्पीभवन. इन्व्हर्टर स्वतः खातो! काहीही चालू नसताना माझा सुमारे ५० वॅट खातो. तेरा तासाच्या रात्रीत ०.६५ युनिट. दिवसरात्र मिळून १.२ युनिट. हे कोणताच दुकानदार सांगत नाही. उगाच मोठा इन्व्हर्टर घेतला तर हे खाणं बहुधा अजून वाढतं. "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून दहा किलोवॅटचा इन्व्हर्टर घेणारे आहेत, त्यांनी ही पाटी वाचावी.

तर पूर्ण रात्र पूर्ण घर चालवायचं म्हटलं तर सहा युनिट झाले. आता बॅटरी किती?

इथे अँपिअरच्या भाषेत सगळे फसतात. "१५० ची दे, २०० ची दे." अहो, अँपिअर-अवर एकट्याला अर्थ नाही, त्याला व्होल्टने गुणायचं. १२ व्होल्ट १५० म्हंजे १८०० वॅट-अवर, १.८ युनिट. माझ्या जुन्या दोन बॅटऱ्या म्हंजे कागदावर ३.६. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने जातं. म्हंजे हातात १.८ च. त्यातही साध्या इन्व्हर्टर बॅटरीचं माप वीस तासांत हळूहळू उतरवून घेतलेलं असतं, त्याला सी-२० म्हणतात. जोरात ओढली की तेवढं देत नाही. सोलरची बॅटरी सी-१० मापाची मागावी. गिरणी लावून मी काय केलं ते आता कळलं असेल.

लिथियममध्ये आपल्याला हवी ती लोह-फॉस्फेटवाली, एलएफपी म्हणतात. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे सोळा जोडले की ५१.२ व्होल्ट. १०० अँपिअर-अवरची घेतली तर ५.१२ युनिट. तिच्यातलं ८५ टक्के बिनधास्त वापरता येतं, म्हंजे ४.३ युनिट हातात. पाणी घालायचं नाही. शिशाची हजार-दीड हजार वेळा भरून-उतरून दमते, ही तीन हजारांच्या पुढे जाते. पैसे जास्त, पण वापरायच्या युनिटमागे भागाकार करून बघा, लिथियम महाग राहत नाही. जिथे महिन्यातून दोनदाच लाईट जाते, तिथे मात्र शिशाची पुरते, उगाच लिथियम घेऊ नका. लिथियमचा विक्रेता हे बोलणार नाही म्हणून मी बोलतो.

मला लागतात सहा आणि एका बॅटरीत आहेत ४.३. दोन बॅटऱ्या घ्याव्यात तर खिसा परवानगी देईना. मग वही उघडली. बहुतेक रात्री लाईट चार तासाच्या आतच येते, तेवढ्याला एक बॅटरी भरपूर. प्रश्न त्या दोन लांब रात्रींचा. त्यासाठी घराची वायरिंगच वेगळी केली. इन्व्हर्टरच्या पुढे दोन भाग पाडले. एका भागावर आईची खोली, म्हंजे मशीन, एक पंखा, एक दिवा. दुसऱ्या भागावर बाकी घर. रात्री लाईट जाऊन तीन तास झाले तर दुसऱ्या भागाचा स्विच पाडायचा, सूनबाईलासुद्धा माहीत आहे. फ्रिज दार न उघडता काही तास थंड राहतो.

पहिल्या भागाचा हिशोब असा. ३२० अधिक ३० अधिक ९, झाले ३५९ वॅट. वाटेतली गळती धरून ४००, इन्व्हर्टरचे ५०, एकूण ४५०. बॅटरीत ४.३ युनिट. भागाकार केला तर साडेनऊ तास. सुरुवातीपासून फक्त आईची खोली चालवली तरच हे साडेनऊ तास, हे ध्यानात घ्या. म्हणून वादळाची चिन्हं दिसली की आम्ही तीन तास थांबत नाही, लाईट जाताच बाकीचं पाडतो. अंगणातल्या दिव्यासाठी वेगळा छोटा सोलर दिवा लावलाय, त्याचा भार बॅटरीवर नको.

आणि एक सांगतो, हे वाचून कोणी निम्मंच लक्षात ठेवू नये. घरात असं मशीन असेल तर बॅटरी कितीही चांगली असो, भरलेला सिलिंडर कोपऱ्यात असलाच पाहिजे. डॉक्टरांनीच सांगितलंय. इन्व्हर्टरचं एक कार्ड जळालं तर बॅटरी भरलेली असून काय करणार? आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काही नाही. ऑक्सिजन आणि विस्तव एकत्र चालत नाही. आईची देवपूजा आम्ही ओसरीवर आणली, तिला आधी आवडलं नव्हतं.

आता आवक, म्हंजे पॅनल. आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅट पॅनल दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो. उन्हाळ्यात थोडा जास्त, जुलै-ऑगस्टच्या झडीत निम्मा. मला बॅटरी परत भरायला पाच युनिट, दिवसा घरात तीन, इन्व्हर्टरचं खाणं, असे साडेआठ युनिट लागतात. ५४० वॅटचे चार पॅनल घेतले, २१६० वॅट. गुणिले चार, साडेआठ. जमलं. पावसाळ्यात कमी पडतं तेव्हा लाईनवरून भरतं. झडीच्या आठ दिवसांसाठी पॅनल दुप्पट करण्यात अर्थ नाही.

पॅनल आणि इन्व्हर्टरची सोयरीक नीट जुळली पाहिजे, हा भाग मात्र कंटाळवाणा असला तरी वाचा, कारण इथे लाखभराचा माल जळतो. पॅनलच्या मागे दोन व्होल्टेज लिहिलेले असतात. एक मोकळा असतानाचा, माझा ४९.५ च्या आसपास. एक काम करतानाचा, ४१.५. एकामागे एक जोडले की बेरीज होते. थंडीत व्होल्ट वाढतात, उन्हात उतरतात. आपल्याला वाटतं कडक ऊन म्हंजे चांगलं. ऊन चांगलं, तापणं वाईट. एप्रिलमध्ये दुपारी पॅनल ६५ अंशाला गेला तर चौदा टक्के कमी देतो. माझ्या इन्व्हर्टरला चालू व्हायला किमान १२० व्होल्ट लागतात. तीन पॅनल लावले असते तर पाटीवर १२४, पण दुपारी १०७ राहिले असते आणि भर उन्हात सोलर बंद! म्हणून चार.

दुसऱ्या टोकाची गोष्ट आमच्या एका पाहुण्याकडे झाली. दहा पॅनल एका ओळीत, ४९५ व्होल्ट. इन्व्हर्टरची मर्यादा ५००. बसवणारा म्हणाला बरोबर आहे. पण ते ४९५ हे २५ अंशाला. हिवाळ्यात सकाळी आठ अंश असताना सूर्य उगवला की तेच ५१५ च्या वर जातात. पौषातल्या एका सकाळी कार्ड गेलं. वॉरंटीवाल्यांनी "ओव्हर व्होल्टेज" लिहून हात वर केले. म्हणून कितीही हुशार माणूस आला तरी त्याला विचारा, आठ अंशाला माझ्या ओळीचे व्होल्ट किती? उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा.

४८ व्होल्टच का? तीन किलोवॅट २४ व्होल्टवर ओढायचे तर सव्वाशे अँपिअर. ४८ वर साठ-बासष्ट. निम्मा प्रवाह, म्हंजे वायर कमी तापते, कमी गळते.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण १५ ते २० अंश. शेजारच्या नारळाची सावली एका पॅनलवर आली तरी अख्ख्या ओळीला फटका बसतो, सहा महिन्यांनी सूर्य कुठे असेल ते बघून जागा धरा. माझं घर पत्र्याचं. पत्र्याला स्क्रू मारून पॅनल बसवायला एकजण तयार होता. वळवाच्या वाऱ्यात पॅनल म्हंजे शीड, पत्र्यासकट जाईल. मी अंगणात सिमेंटचे पाय घालून लोखंडी सांगाडा केला. गोठ्याच्या बाजूला सावलीही झाली, वासरं तिथेच बसतात.

अर्थिंग तीन वेगळी हवीत. एक पॅनलच्या डीसी बाजूचं, एक घराच्या एसीचं, एक वीज पडते त्याच्यासाठीचं. आमची जमीन मुरमाड, दहा फुटांवरसुद्धा ओल लागत नाही, तिथे नुसती सळई ठोकून काही होत नाही. खड्ड्यात अर्थिंगची भुकटी टाकून उन्हाळ्यात पाणी घालतो. काळ्या रानातल्या लोकांना हा त्रास कमी.

आता सेटिंग. सगळं बरोबर घेऊनसुद्धा इथे घालवतात. बसवणारा बहुतेक वेळा "सोलर, मग बॅटरी, मग लाईन" असा क्रम लावून जातो, कारण बिल कमी दिसतं आणि गिऱ्हाईक खूश. परिणाम काय? सूर्य मावळल्यापासून घर बॅटरीवर. टीव्ही, फ्रिज, पंखे खाऊन रात्री एक वाजता बॅटरी वीस टक्क्यांवर, आणि मग लाईट जाते. ज्याच्यासाठी लाखाची बॅटरी आणली त्याच वेळी ती रिकामी. माझा क्रम "सोलर, मग लाईन, मग बॅटरी" असा आहे. लाईन असेपर्यंत बॅटरीला हात नाही, संध्याकाळी ती भरलेली असते. बिल थोडं जास्त येतं, येऊ द्या. ज्यांच्या घरी असा आजारी माणूस नाही त्यांनी निम्म्यापर्यंत वापरून निम्मी राखून ठेवावी, तीही सेटिंग असते.

अजून एक. इन्व्हर्टरमध्ये लाईनचे व्होल्ट किती कमी चालतील याची दोन मापं असतात. एकात १७० च्या खाली तो लाईन घेत नाही, दुसऱ्यात ९० पर्यंत घेतो. आमच्याकडे मोटारी चालू झाल्या की घरात १५० येतात. पहिल्या मापावर ठेवला तर लाईन असूनही घर बॅटरीवर पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण १५० व्होल्ट आईच्या मशीनलाही चांगले नाहीत, म्हणून मी पहिलंच माप ठेवलं आणि लाईनच्या तोंडाला स्टॅबिलायझर लावला. हे ज्याने त्याने आपापल्या व्होल्टेजप्रमाणे बघावं.

खर्च विचारणारच तुम्ही. मला बॅटरी, इन्व्हर्टर, पॅनल, सांगाडा, वायरिंग, अर्थिंग मिळून दोन लाख चाळीस हजार पडले. निम्मे कांद्याचे, निम्मे सोसायटीच्या कर्जाचे. अनुदान मिळालं नाही, कारण मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे आणि वारस नोंदीचं घोंगडं भिजत पडलंय. हा आमचा आळस, दुसऱ्याला दोष नाही.

आता जरा योजनेबद्दल, कारण गैरसमज फार आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हंजे तीन किलोवॅटला ७८ हजार. त्याच्या वर घेतलं तरी तेवढेच. पॅनल देशी सेलचे पाहिजेत. योजना वाईट नाही. गावठाणात, जिथे दिवसभर लाईन असते, तिथे बिल जवळजवळ शून्यावर येतं. डोळे झाकून घ्या.

पण त्यात बहुतेक ठिकाणी जो बसवतात तो ऑनग्रिड. लाईन गेली की तो बंद पडतो. पॅनल उन्हात तळपतायत आणि घरात पंखा बंद! बिघाड नाही तो, मुद्दाम तसा केलेला असतो. नाहीतर वायरमन खांबावर चढलाय आणि तुमच्या छतावरची वीज त्याच्या तारेत उतरली तर काय होईल? नियम योग्यच आहे. पण हे कोणी आधी सांगत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकाने कर्ज काढून तीन किलोवॅट ऑनग्रिड बसवलं, पहिल्या लाईट गेलेल्या रात्री तो टॉर्च घेऊन माझ्याकडे आला, "अण्णा, माझं सोलर बिघडलं." त्याला काय सांगू? वस्तीवर दिवसासुद्धा लाईन जाते, तेवढा वेळ त्याचं ऊनही वाया.

अनुदान घेऊन हायब्रीड बसवता येतं, पण अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीचा खर्च आपला. माझी तक्रार इथे आहे. ज्याच्याकडे लाईन पक्की आहे त्याला बिल कमी करायला मदत मिळते, आणि ज्याच्या वस्तीवर लाईनच टिकत नाही त्याला लागते ती वस्तू, म्हंजे साठवण, तिला काही नाही. शेतीपंपाला "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच. चांगलं आहे. मग रानात राहणाऱ्या घराला तीन किलोवॅट पॅनलऐवजी एक किलोवॅट पॅनल आणि एक बॅटरी असा पर्याय का नको? सरकारचे पैसे तेवढेच लागतील. बिबट्याच्या पट्ट्यातल्या वस्त्या, घरात दम्याचं, ऑक्सिजनचं माणूस असलेली घरं, यांच्यापासून सुरुवात करावी. ग्रामसभेत मी हा ठराव मांडलाय, पुढच्या सभेला परत मांडणार आहे.

सौर पंपाचं निघालं म्हणून सांगतो, त्याच्या कंट्रोलरमधून घराला वायर ओढणारे बहाद्दर आहेत. करू नका. तो ऊन कमी-जास्त होईल तशी वीज कमी-जास्त करतो, मोटार ते सोसते, फ्रिज-टीव्ही सोसत नाही. आणि आईच्या मशीनसारखी वस्तू तर चुकूनही नाही.

कृषी विभागाची आणि विज्ञान केंद्राची मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. ठिबकच्या शिबिरात तुम्ही आम्हाला ताशी किती लिटर, किती तास, हे शिकवलं, आज अडाणी माणूससुद्धा ड्रिपरचं गणित करतो. तसा एक तास विजेच्या हिशोबाला द्या. वॅट गुणिले तास, भागिले हजार. एवढंच शिकवा.

गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री अकराला लाईट गेली ती सकाळी सव्वासातला आली. सव्वाआठ तास. आम्ही बाकीचं घर पाडलं, आईची खोली चालू ठेवली. सकाळी बॅटरी २७ टक्के दाखवत होती, वहीत लिहून ठेवलंय. आई उठली आणि म्हणाली, रात्री लाईट गेली होती का? मी म्हणलं, नाही.

ज्याला घ्यायचंय त्याने आजपासून वही घालावी, मे-जून धरून. वही आणि मशीनच्या पाट्यांचे फोटो घेऊन बांधावर या, बसून हिशोब करू. दुकानात जाण्याआधी या, बयाणा दिल्यावर नको.

कांद्याच्या रोपावरची मर आणि बीजप्रक्रिया, पुढच्या नोंदीत.